उतार आहे, पण सामना दिसतो का?

या वेळच्या टपालातील चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र सविस्तर उत्तर मागणारे आहे, म्हणून बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न: तरुणपणी मी गल्लीच्या संघातून लेफ्ट हाफला खेळत असे. पुढे दुचाकीच्या अपघातात कण्याला मार बसला आणि तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. मागे दोन जादा चाके जोडलेल्या स्कूटरवरून मी मैदानापर्यंत जातो आणि कुंपणाबाहेर थांबून, स्कूटरवर बसूनच सामना पाहतो. आता त्याच मैदानावर सुमारे तीन हजार प्रेक्षकांचे फुटबॉल स्टेडियम बांधायचे घाटत आहे. आम्हाला दाखविलेल्या आराखड्यात दरवाजाजवळ एक उतार आहे आणि कॉर्नरच्या निशाणामागे, गॅलरीच्या पायथ्याशी ‘दिव्यांगांसाठी चार जागा’ असे लिहिले आहे. सूचना महिनाभरात द्यायच्या आहेत. आम्ही काय मागावे आणि कशाच्या आधारावर मागावे?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: आराखडा कागदावर असतानाच आपण विचारले, हे उत्तम झाले. गॅलरीच्या पायऱ्यांची उंची एकदा काँक्रीटमध्ये ठरली की ती पुन्हा बदलता येत नाही, आणि पुढे होणाऱ्या साऱ्या तडजोडींचे मूळ बहुधा तेथेच असते.

उताराविषयी सगळेच विचारतात. आपण आधी दुसरी गोष्ट विचारावी, असे मला वाटते: त्या चार जागांवरून सामना दिसणार आहे का? पायथ्याशी समोर प्रेक्षक नसतात, त्यामुळे आराखडा काढणाऱ्याला ती जागा सोपी आणि बिनखर्चाची वाटते. मात्र समोर कुंपणाची जाळी, जाहिरातींचे फलक, राखीव खेळाडूंचे बाक आणि येरझारा घालणारे बंदोबस्तावरील पोलीस असतात. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर असतो. एवढ्या खालून सुमारे १०५ मीटर लांबीचे मैदान एखाद्या पट्टीसारखे चपटे दिसते आणि पलीकडच्या गोलजवळ चेंडू कोणाच्या पायात आहे, हे केवळ प्रेक्षकांच्या आरड्यावरून ओळखावे लागते. त्यात बेळगावचा पाऊस. दोन्ही हात चाकांवर असलेल्या माणसाने छत्री कशाने धरायची, याचा विचार पायथ्याच्या, छपराबाहेरच्या जागा आखताना कोणी केलेला नसतो.

म्हणून जागा गॅलरीच्या मध्यावर, छपराखाली मागाव्यात. पण तेथे दुसरी अडचण उभी राहते, आणि ती अक्षरशः उभी राहते. फुटबॉलचा प्रेक्षक गोलच्या क्षणी बसून राहत नाही. आपल्यापुढचा माणूस १७० सेंटिमीटर उंचीचा धरला, तर तो उठल्यावर त्याच्या डोक्यावरून नुसती सरळ रेषेत नजर जाण्यासाठी आपला ओटा त्याच्या पायाखालच्या पायरीपेक्षा ५५ सेंटिमीटर उंच हवा. आपल्याला सरळ नव्हे, खाली मैदानाकडे पाहायचे असते, म्हणून प्रत्यक्षात उंची याहून बरीच जास्त लागते. साध्या पायरीची चढण ३० ते ४० सेंटिमीटर असते, तेव्हा एका पायरीने हे साधत नाही. दोन-तीन पायऱ्यांइतकी उंची एकदम घेणारा रुंद ओटा आराखड्यातच दाखवावा लागतो. ओट्यापुढच्या कठड्याचाही असाच प्रश्न आहे. कठडा साधारण ११० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे त्याची वरची आडवी नळी बसलेल्या माणसाच्या नेमकी डोळ्यांसमोर येते. बसून पाहणाऱ्यांसमोरचा कठडा बुटका ठेवता येतो, फक्त तसे आधी सांगावे लागते. अभियंत्यांशी बैठक होईल तेव्हा एक खुर्ची, एक फीतटेप आणि एक उंच मित्र बरोबर न्यावा आणि त्याला समोर उभे करून दाखवावे. दहा पानी निवेदनाने जे पटत नाही, ते पुष्कळदा असे पटते.

जागा किती असाव्यात, याला इंग्लंडमध्ये २००३ साली निघालेल्या ‘ॲक्सेसिबल स्टेडिया’ या मार्गदर्शिकेचा आधार घेता येतो. दहा हजारांहून कमी आसनांच्या नव्या स्टेडियममध्ये दर शंभर आसनांमागे व्हीलचेअरची एक जागा आणि कोणत्याही परिस्थितीत किमान सहा जागा, असा तिचा हिशोब आहे. दहा हजारांना शंभर जागा होतात. पुढे वीस हजारांपर्यंत दर हजारी पाच, चाळीस हजारांपर्यंत दर हजारी तीन आणि त्याहून मोठ्या स्टेडियमसाठी दर हजारी दोन जागा वाढत जातात. लंडनमध्ये २०१९ साली उघडलेले टॉटनहॅम या फुटबॉल क्लबचे स्टेडियम बासष्ट हजारांहून अधिक आसनांचे असल्यामुळे या हिशोबाने तेथे अडीचशेहून अधिक जागा लागतात. आपल्या तीन हजारांच्या गॅलरीला तीस लागतील, चार नव्हेत. ही मार्गदर्शिका आपल्याकडे बंधनकारक नाही, पण ‘चार’ हा आकडा कोठून आला, असे विचारताना ती हाताशी असावी. तीसही जागा एकाच ओट्यावर नकोत. दोन्ही संघांच्या समर्थकांमध्ये व्हीलचेअरवरचे लोक असतात, आणि आपल्या गल्लीच्या संघाने गोल केल्यावर विरोधी संघाच्या घोळक्यात गप्प बसून राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. प्रत्येक जागेशेजारी सोबत्याचे आसन हवे. ते मागच्या रांगेत असून उपयोगाचे नाही. इंग्लंडमधील बहुतेक क्लब मदतनीसाचे तिकीट मोफत देतात, तसा ठरावही मागता येईल.

तेथेही हे सारे आपोआप झालेले नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडमधील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेच्या क्लबांनी सप्टेंबर २०१५ मध्ये या मार्गदर्शिकेप्रमाणे बदल ऑगस्ट २०१७ पर्यंत करण्याचे कबूल केले, आणि पैशाची चणचण नसलेल्या त्या क्लबांपैकी काहींना जुन्या गॅलऱ्यांमुळे ती मुदत पाळता आली नाही. आपण आज कोऱ्या जागेवर बांधत आहोत, हे मुद्दाम लक्षात आणून द्यावे.

परदेशी मार्गदर्शिकेत न सापडणारी आपली एक गोष्ट म्हणजे स्कूटर. आपल्यासारखे अनेक जण चार चाकांच्या स्कूटरवरून येतात आणि व्हीलचेअर घरीच राहते, कारण ती स्कूटरवर आणता येत नाही. उत्तम उतार बांधला, तरी त्यावर चढवायची खुर्ची नसेल तर तो कोणासाठी? म्हणून स्कूटर उभी करण्याची फरसबंद, छपराखालची जागा उताराच्या तोंडाशीच मागावी आणि स्टेडियमच्या मालकीच्या काही व्हीलचेअर दरवाजावर ठेवण्याची अट घालावी. वाट लाल मातीची असेल, तर पावसाळ्यात चाक रुतेल. उताराचे प्रमाण गवंड्याला त्याच्या हिशोबात सांगावे: एक फूट चढाला बारा फूट लांबी, आणि लांब उतारात मध्ये विसाव्याची सपाट जागा. मीटरभर उंच ओट्याला बारा मीटर उतार लागतो, आणि त्यासाठी जागा राखलेली नसेल तर शेवटी दुप्पट तीव्र घसरगुंडी बांधली जाते.

शौचालयाविषयी थोडक्यात: दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, दार बाहेर उघडणारे, आत व्हीलचेअर वळविण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा आणि ते ओट्याच्याच पातळीवर. किल्ली कोणाकडे राहणार, हेही लेखी घ्यावे. अशी शौचालये झाडू आणि बादल्या ठेवण्यासाठी वापरली जाताना मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की हा प्रश्न मला उताराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता आधार. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सरकारी आणि खासगी, दोन्ही प्रकारच्या इमारती येतात आणि करमणुकीच्या जागांचा उल्लेख आहे. क्रीडाविषयक सोयींसाठी कलम ३० आहे. आपल्या उपयोगाचे खरे कलम मात्र ४४ वे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापर करता येण्याविषयीचे, नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देऊ नये आणि ती बांधून झाल्यास पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे ते सांगते. कलम ८९ मधील दंड पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख आहे. इमारतीच्या खर्चापुढे तो किरकोळ असल्यामुळे निवेदनात दंडापेक्षा दाखल्यावर भर द्यावा. राजीव रतूरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरविला, कारण त्यामुळे सुगम्यतेचे निकष बंधन न राहता निव्वळ शिफारशी झाले होते. ‘हे निकष ऐच्छिक आहेत’ असे उत्तर आपल्याला मिळाले, तर हा निकाल तारखेसह पुढे ठेवावा.

प्रश्न: असे निवेदन मराठीत दिले तर चालते का? ते कोणाच्या नावे द्यावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: चालते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे द्यायचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. निवेदने देण्याची कला सीमाभागातील मराठी माणसाला शिकवावी लागत नाही, तेव्हा या मुद्द्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढेच सुचवेन की येथे भाषेच्या वादापेक्षा महिनाभराची मुदत महत्त्वाची आहे, म्हणून मराठी निवेदनाला कन्नड भाषांतर जोडावे. कन्नड बोलणारे दिव्यांग प्रेक्षकही त्याच गॅलरीत बसणार आहेत; त्यांच्या सह्या असल्यास उत्तम. निवेदन बांधकामाला परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेच्या प्रमुखाकडे द्यावे. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक दिव्यांग कल्याण पाहणाऱ्या जिल्हा कार्यालयाला द्यावी, ज्याच्या पाटीवर आपल्याला कन्नडमध्ये ‘विकलचेतन’ हा शब्द दिसेल. दाद न मिळाल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. प्रत्येक ठिकाणी शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी.

प्रश्न: मला जन्मापासून दिसत नाही, परंतु रेडिओवरील समालोचनामुळे फुटबॉलचे वेड लागले. मित्र म्हणतात, “मैदानावर येऊन तू काय करणार?” नव्या स्टेडियमकडून माझ्यासारख्याने काही अपेक्षा ठेवावी का?
— एक वाचक, हलियाळ

उत्तर: ज्या कारणासाठी मित्र जातात, त्याच कारणासाठी आपणही जावे. घरी बसून गर्दीचा आवाज कानी पडणे वेगळे आणि त्या आवाजात स्वतः असणे वेगळे.

अपेक्षा जरूर ठेवावी. युरो २०१२ आणि ब्राझीलमधील २०१४ च्या विश्वचषकात अंध प्रेक्षकांसाठी स्टेडियममध्येच खास वर्णनात्मक समालोचनाची सोय होती. ते रेडिओवरील समालोचनाहून निराळे असते. रेडिओवरचा समालोचक मधूनच जुन्या सामन्यांच्या आठवणी आणि आकडेवारी सांगू लागतो. वर्णनात्मक समालोचक चेंडू कोठे आहे, कोणाकडे आहे आणि कोणत्या दिशेने चालला आहे, हे क्षणभरही सोडत नाही. खेळाडूने कपाळाला हात लावला तर तेही सांगतो. ही सोय मोबाइलच्या इंटरनेटवरून दिल्यास आवाज काही सेकंद मागे राहतो: आजूबाजूला जल्लोष सुरू झालेला असतो आणि कानात चेंडू अजून मध्यरेषेवरच असतो. म्हणून स्टेडियमच्या आतल्या आत चालणारी यंत्रणा मागावी. ती होईपर्यंत खेळ जाणणारा एखादा मुलगा दोन-तीन अंध प्रेक्षकांमध्ये बसून हे काम मराठीतून सहज करू शकेल. त्याला फक्त एक सूचना द्यावी: “अरे, काय मारला!” असे ओरडण्याआधी कोणी मारला आणि कोठे गेला, ते सांगायचे.

प्रश्न: माझा अकरा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. त्याला फुटबॉल अतिशय आवडतो, म्हणून आम्ही त्याला कोल्हापूरला सामना दाखवायला नेले. परंतु हलगी आणि फटाके सुरू होताच तो कान दाबून ओरडू लागला. लोक आमच्याकडे पाहू लागले आणि आम्ही परत आलो. पुन्हा न्यावे का? आमच्याकडे कर्नाटकातील प्रमाणपत्र आहे, ते तेथे चालेल का?
— एक आई, निपाणी

उत्तर: प्रमाणपत्राविषयी आधी सांगते. स्वमग्नता २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांमध्ये येते आणि त्या कायद्याखालील प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते, त्यामुळे सीमा ओलांडल्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही.

पुन्हा न्यावे, पण अंतिम सामन्याला नव्हे. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या स्टेडियममध्ये २०१५ साली अशा मुलांसाठी काचेआडची एक शांत खोली सुरू झाली. तेथून खेळ दिसतो, पण आवाज सौम्य होऊन पोहोचतो. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकातही काही स्टेडियममध्ये अशा खोल्या होत्या. आपल्याकडे अशी खोली होईपर्यंत हंगामाच्या सुरुवातीचा, कमी गर्दीचा सामना निवडावा, कान झाकणारे हेडफोन त्याला घरी आठवडाभर घालून पाहू द्यावेत आणि दरवाजाजवळचे कडेचे आसन घ्यावे. गडबड वाढली तर बाहेर नेऊन पुन्हा आत येऊ देतील का, हे दरवाजावरच्या माणसाला आत जातानाच विचारून ठेवावे. पहिल्या खेपेला मध्यंतरापर्यंत बसला, तरी पुरे.