डिशमधल्या गर्भाला प्रोजेस्टेरॉन टाकायचं काय?

भाऊ, तुम्ही विचारलं की गवळाऊ गाईचं आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) करायचं तर लॅबमधे गर्भ डिशमधे वाढते तेव्हाच प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभणपण टिकवणारं हार्मोन, टाकलं तर तो तगडा होईल काय. वर्धेकडच्या गावांमधे भ्रूण प्रत्यारोपणाचंच काम करतो म्हणून ठामपणे सांगतो, त्यानं काही होत नाही. हे हार्मोन काम करते गर्भाशयावर, अन् मग गर्भाशय गर्भाले वाढवते.

अंडं पिकवताना गोष्ट वेगळी. तिथं मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, एफएसएच हे हार्मोन टाकतात, बरेच लॅबवाले एलएच अन् इस्ट्राडिओल हे हार्मोनही टाकतात, अन् दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहाल तर अंड्याभोवती घट्ट बिलगलेल्या क्युम्युलस पेशी फुलून सैल झालेल्या, सारा गोळा चिकट, पसरलेला. फलन झाल्यावर मात्र ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ५ टक्के ऑक्सिजन अन् क्षार, ऊर्जा, अमिनो आम्लं असलेलं साधं मीडियम, एवढ्यावर सातव्या-आठव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (आत पोकळी असलेला, प्रत्यारोपणाजोगा गर्भ) तयार होते, हार्मोन वरून न टाकता.

शिवाय डिशमधे गर्भ मीडियमच्या थेंबात असते, त्या थेंबावर मिनरल ऑइल राहते अन् प्रोजेस्टेरॉन तेलात विरघळते, म्हणजे तुम्ही टाकलं तरी बरंचसं तेलात जाते, म्हणून कोणी डोस सांगितला तर गर्भापर्यंत किती पोचला ते आधी विचारा.

२००९ मधे आयर्लंडच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. डिशमधे प्रोजेस्टेरॉन टाकून ब्लास्टोसिस्टमधे फरक पडला नाही, पण लॅबमधेच बनलेले गर्भ प्रोजेस्टेरॉन वाढवलेल्या कालवडीत ठेवले तर १४व्या दिवशी ते चांगलेच लांब झालेले निघाले. मला हे फार मोलाचं वाटते, कारण गाईचा गर्भ डिशमधे तसा लांबतच नाही, त्याले गर्भाशयातल्या ग्रंथींचा स्राव पायजे, अन् लांबला तरच १६व्या दिवसाच्या आसपास पुरेसा इंटरफेरॉन टाऊ (गर्भाचा इशारा देणारं प्रथिन) सोडून मायले कळवते की मी आहे, नाहीतर ती पुन्हा माजावर येते अन् आपण म्हणतो गाय उलटली.

उंदराचे पेपर वाचून गाईले लावू नका हं, तिथं झोपलेला ब्लास्टोसिस्ट रुजवायले इस्ट्रोजेन लागते, गाईत तसं नाही.

म्हणून खर्च करायचा तर ज्या गाईत गर्भ ठेवायचा तिच्यावर करा. तिचा माज गर्भाच्या वयाशी जुळलेला पायजे, फार तर एक दिवस मागेपुढे, अन् सोनोग्राफीत अंडाशयावर कॉर्पस ल्युटियम (अंडं सुटल्यावर तिथं बनणारी पिवळी गाठ) चांगलं भरलेलं दिसलं पायजे, कारण प्रोजेस्टेरॉन तिथूनच येते. अन् मनानं इंजेक्शन टोचू नका, डॉक्टरांनी तपासल्यावरच. गाई कोणत्या तारखेला, किती वाजता माजावर दिसल्या तेवढं लिहून पाठवा, कोणती जुळते ते सांगतो.