सौदा नसलेले दिवस मोजणीतून का गळतात

तुमची अडचण थोडक्यात अशी: सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानासाठी आवकेचा प्रोग्राम केलाय, रोजच्या नोंदी मोजून अहवाल काढता, पण ज्या दिवशी एकही गाडी आली नाही तो दिवस अहवालात येतच नाही. १४ तारखेनंतर थेट १७. आलेखातली रेघ दोन टोकं जोडून मोकळी होते आणि बघणाऱ्याला वाटतं, मधले दोन दिवसही माल उतरलाच.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं ग्रुप बाय समोर असलेल्या ओळींचे गठ्ठे बांधतं, एवढंच. १५ आणि १६ तारखेची ओळच टेबलात नसेल तर गठ्ठा कशाचा बांधणार? त्यामुळे काउंटभोवती कोअलेस किंवा इफनल (नल म्हणजे रिकाम्या किमतीच्या जागी शून्य देणारी फंक्शनं) गुंडाळून काही होत नाही. नल यायलासुद्धा आधी ओळ लागते. तारखा दुसरीकडून आणायच्या आणि आवक त्यांना जोडायची, हाच रस्ता.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जनरेट सिरीज फंक्शनला पहिली तारीख, शेवटची तारीख आणि एक दिवसाचं अंतर दिलं की यादी तयार. मायएसक्यूएल ८.० पासून रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा पुन्हा वापरून ओळी वाढवणारी तात्पुरती क्वेरी) आहे. त्यातली पहिली तारीख कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, डेट प्रकारातच द्या, कारण कॉलमचा प्रकार पहिल्या ओळीवरून ठरतो. शिवाय तिथे १००० फेऱ्यांची मर्यादा मुळातच घातलेली असते, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आत क्वेरी एरर देऊन थांबते. जास्त हवं तर त्या सेशनपुरती सीटीई मॅक्स रिकर्शन डेप्थ वाढवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हीच मर्यादा १०० आहे, तिथे तर चार महिन्यांचा अहवालही अडकतो.

पण तुमच्यासारख्या कामाला मी दिनदर्शिकेचं कायमचं टेबल सुचवेन. १ जानेवारी २०२० ते ३१ डिसेंबर २०२९ म्हणजे ३,६५३ ओळी, जागा नगण्य. एकदा भरा, दिनांकाला प्रायमरी की (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी खूण) लावा, विसरून जा.

मग क्वेरी अशी (समजायला देवनागरीत लिहिलीय, कीवर्ड टाइप करताना इंग्रजीतच):

सिलेक्ट दि.दिनांक, काउंट(आ.आयडी)
फ्रॉम दिनदर्शिका दि
लेफ्ट जॉइन आवक आ
ऑन आ.वेळ >= दि.दिनांक
अँड आ.वेळ < दि.दिनांक + १ दिवस
अँड आ.माल = 'हळद'
व्हेअर दि.दिनांक बिटवीन पहिली अँड शेवटची
ग्रुप बाय दि.दिनांक
ऑर्डर बाय दि.दिनांक

बहुतेकांचं गाडं दोन ठिकाणी अडतं. पहिलं, काउंटमध्ये तारा, म्हणजे * हे चिन्ह, टाकणं. लेफ्ट जॉइनमुळे रिकाम्या दिवसालाही एक ओळ मिळतेच, तारा ती मोजतो आणि शून्याच्या जागी १ येतो. आवक टेबलाचा आयडीच मोजा, तो नल असला की धरला जात नाही. दुसरं, 'माल हळद' ही अट व्हेअरमध्ये लिहिणं. रिकाम्या दिवसाचा माल नल, नल म्हणजे हळद नव्हे, ओळ बाद. लेफ्ट जॉइन लिहूनही इनर जॉइनचं (फक्त जुळलेल्या ओळींचं) उत्तर मिळतं आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर. आवकेच्या अटी ऑनमध्ये, दिनदर्शिकेच्या व्हेअरमध्ये. पोत्यांची बेरीज हवी असेल तर समला मात्र कोअलेस लावा, कारण रिकाम्या दिवशी सम नल देतं, शून्य नाही.

हळद, बेदाणा, गूळ असा मालवार अहवाल हवा असेल तर आधी दिनदर्शिका आणि माल यांचा क्रॉस जॉइन (प्रत्येक तारखेला प्रत्येक माल जोडणं) करा, म्हणजे ३० दिवस आणि ३ माल यांच्या ९० ओळी होतात. मग त्याला आवक लेफ्ट जॉइन करा. नुसत्या तारखांना जोडलंत तर हळद आली, बेदाणा नाही अशा दिवशी बेदाण्याची ओळ परत गायब.

वेळ यूटीसीत (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवत असाल तर आणखी एक गोम आहे. पहाटे ४ ला उतरलेली गाडी यूटीसीत आदल्या रात्रीचे साडेदहा दाखवते, म्हणजे नोंद आदल्या दिवसात जाते. शून्याचा दिवस भरलेला आणि भरलेला दिवस शून्याचा, असा गोंधळ यातूनच होतो. दिवसाच्या दोन्ही सीमा साडेपाच तास मागे सरकवा. वेळेच्या कॉलमवर फंक्शन लावू नका, नाहीतर त्यावरचा साधा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) वापरला जाणार नाही.

महिनावार यादी करताना सुरुवात १ तारखेपासूनच करा. पोस्टग्रेसला ३१ जानेवारी २०२३ देऊन महिना महिना वाढवलं तर २८ फेब्रुवारी येते आणि तिथून पुढे २८ च चिकटते.

आता मूळ मुद्दा, जो तुम्ही विचारला नाहीत. गाडी आली नाही ते शून्य आणि यार्ड बंद होतं ते शून्य, ही एक नव्हेत. दिवाळीआधी झिरो पेमेंटसाठी (जुनी देणी चुकती करण्यासाठी) बेदाण्याचे सौदे बंद असतात, त्या दिवसांना आवक पडली असं म्हणणं चूक. समजा ३० दिवसांत ४४० नोंदी आहेत, २२ दिवस माल आला, ५ दिवस बंद. तुमच्या आत्ताच्या क्वेरीवर सरासरी २० येते. सगळे दिवस धरले तर १४.६७. यार्ड चालू असलेले २५ दिवस धरले तर १७.६. आकडे तिन्ही बरोबर, पण दुकानदाराला बहुधा तिसराच हवा असतो. म्हणून सुट्ट्यांचं वेगळं टेबल करा, त्यात दिनांक आणि माल असे दोन कॉलम ठेवा, कारण बेदाणा बंद असताना हळद चालू असू शकते. आलेखात बंद दिवस शून्यावर न टेकवता मोकळा सोडा.

शेवटची तारीख आजच्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर उरलेला महिना शून्यांची रांग दिसते. आजचा अर्धा दिवसही वेगळ्या रंगात दाखवलेला बरा.

तपासणी दोन मिनिटांची आहे. एकाच मालाच्या एप्रिलच्या अहवालात बरोबर ३० ओळी हव्यात आणि काउंटची बेरीज मूळ टेबलातल्या त्या मालाच्या एप्रिलच्या नोंदींएवढी. ओळी कमी असतील तर अट व्हेअरमध्ये राहिलीय. ओळी ३० आणि बेरीज जास्त असेल तर तारा राहिलाय, किंवा दिनदर्शिकेत एखादी तारीख दोनदा भरली गेलीय. प्रायमरी की लावली असती तर ती शिरलीच नसती.