इन्सिडेंट फॉर्म भरला तर खरंच काही होत नाही का?

सिस्टर, इंडक्शनला तुम्हाला सांगितलं की चूक कळवा, शिक्षा होणार नाही, आणि तुमच्या मैत्रिणीने अँटिबायोटिक शेजारच्या बेडला लागल्याचं स्वतःहून कळवलं तर आठवड्याभरात तिच्या हातात मेमो. मग विश्वास ठेवायचा का, असं विचारताय. पुण्यात वेगवेगळ्या हॉस्पिटलांत स्टाफ म्हणून आणि आता इनचार्ज म्हणून जे पाहिलं त्यावरून सांगते.

कागदावर सगळीकडे नॉन-प्युनिटिव्हच, म्हणजे शिक्षा नाही असंच असतं, हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या असेसमेंटला इन्सिडेंट रिपोर्टिंग दाखवावंच लागतं. पण शिक्षा मागच्या दाराने येते. नाइट लागोपाठ लागतात, आयसीयूतून उचलून ओपीडीत टाकतात, इन्क्रिमेंटच्या वेळी 'ती केस' निघते, सोडताना एक्सपिरियन्स लेटर अडकवतात. एका ठिकाणी हेपारिनचा (रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन) डोस चुकल्याचं कळवणाऱ्या मुलीचं नाव सकाळच्या ओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, सगळ्यांसमोर घेतलं. त्यानंतर त्या मजल्यावरून फक्त पेशंट पडल्याचे आणि नीडल प्रिकचे (स्टाफला सुई टोचल्याचे) फॉर्म येत राहिले, औषधाचा एकही नाही, आणि मीटिंगमध्ये त्याचं कौतुक झालं की चुका कमी झाल्या! मला अजूनही त्याचा राग येतो.

उलट दुसऱ्या ठिकाणी रात्री एका स्टाफने पोटॅशियम क्लोराइडचा (केसीएल, तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं) अँप्यूल स्टेराइल वॉटर समजून हातात घेतला, फोडायच्या आधी लेबल वाचलं आणि निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेली चूक, म्हणून फॉर्म भरला. दोन्ही प्लास्टिकचे, एकाच ट्रेमध्ये. कोण होतं हे कोणी विचारलं नाही, ट्रेमध्ये ते आलंच कसं हे विचारलं, आणि कॉन्सन्ट्रेटेड केसीएल जनरल वॉर्डातून कायमचं काढलं. म्हणून कुठेही जॉइन होताना इनचार्जला सरळ विचारा, मागच्या महिन्यात मेडिकेशन एरर किती. 'एकही नाही' म्हणाल्या तर तिथे कोणी सांगत नाही असं समजा. आणि कन्सल्टंटच्या चुकीचा फॉर्म कधी भरला गेलाय का तेही विचारा, बहुतेक जागी तिथेच गाडी अडते.

पेशंट दगावला तर हॉस्पिटलची पॉलिसी पोलिसांवर बंधनकारक नाही. अमेरिकेत टेनेसीतल्या राडोंडा वॉट या नर्सने 2017 मध्ये वर्सेड या गुंगीच्या औषधाऐवजी वेक्युरोनियम हे स्नायू लुळे करणारं औषध दिलं, पेशंट दगावला, चूक लगेच कबूल केली, तरी 2022 मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, तीन वर्षं प्रोबेशन. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त 2 वर्षं, पण ती सवलत नर्सला नाही, तिला इतरांसारखी 5 वर्षांपर्यंत होऊ शकते. हे इंडक्शनला कोणी सांगत नाही, सांगायला हवं.

तरीही कळवाच. पेशंटला काय गेलं हे डॉक्टरला त्याच मिनिटाला कळलं पाहिजे, त्यात तडजोड नाही, आणि लपवलेली चूक नंतर उघडी पडली की तुमच्या बाजूने कोणी उभं राहत नाही. फॉर्म त्याच शिफ्टमध्ये भरा. वेळ, औषध, डोस, कोणाला कळवलं, आणि त्या वेळी वॉर्डात किती पेशंटला किती स्टाफ होता हे नक्की लिहा. 'माझ्या दुर्लक्षामुळे' असलं काही लिहू नका, कारण शोधणं कमिटीचं काम आहे. मैत्रिणीला सांगा की मेमोला तोंडी उत्तर नको, लेखी द्या, इन्सिडेंट नंबर टाकून, आपणच आधी कळवलं होतं हे तारीख-वेळेसकट लिहून, आणि रिसीव्ह्डचा शिक्का मारलेली कॉपी घरी ठेवा.