पहिली गोधडी लहानच शिव

अगं, पहिल्याच खेपेला डबल बेडची गोधडी काढू नकोस. मुलासाठी ३६ बाय ४८ इंच पुरे. साडेसहा इंचांचे ४८ चौकोन काप, सहा-सहाच्या आठ ओळी जोड. प्रत्येक बाजूने पाव इंच शिवणीत गेला की माप बरोबर भरतं.

कापड सुतीच घे, कापण्याआधी धुऊन वाळव. माझ्या पहिल्या गोधडीत एका लाल तुकड्याने शेजारचे सगळे पांढरे गुलाबी केले होते, फार वाईट वाटलं. आत जुनी मऊ सुती साडी दुमडून घाल. जाड कापूस नको, आपल्या गोव्याच्या पावसात तो लवकर सुकत नाही, कुबट वास धरतो.

नवीन शिकणाऱ्या हमखास चुकतात ते इथे: वरचे चौकोन, मधली साडी आणि खालचं कापड हे थर न टाचताच शिवायला बसतात, मग खालचं कापड गोळा होतं. जमिनीवर नीट पसर, मधून कडांकडे वीतभर अंतराने कच्चे टाके घाल, मगच धावदोरा. टाके वाकडे चालतील, लांब-सैल नकोत. मुलांची बोटं अडकतात.

मणी, बटणं, टिकल्या अजिबात नकोत. देताना मुलाच्या आईला आवर्जून सांग, वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत ही पांघरू नकोस, जागं असताना खाली अंथर.

नक्षीचे टाके नंतर शिकवीन. आधी चौकोन काप.