औषध तेच, मग लायपोसोमल इंजेक्शन वेगळे कसे?

आपण विचारले आहे की, २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांचे नातेवाईक लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या बुरशीनाशक इंजेक्शनासाठी वणवण फिरत होते, त्या कुपीतले औषध जुनेच असेल तर त्याच औषधाचे साधे, स्वस्त इंजेक्शन का चालत नव्हते. फॉर्म्युलेशन, म्हणजे औषध कोणत्या रूपात तयार करायचे, हा माझा शिकवण्याचा विषय असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

साधे इंजेक्शनही बुरशी मारते आणि तुटवड्यात अनेकांना तेच दिले गेले. अडचण होती ती सोसण्याची. अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून ते पटल निकामी करते. आपल्या पेशीपटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते, पण दोन्ही रेणूंची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की औषध काही प्रमाणात त्यालाही चिकटते, आणि सर्वाधिक फटका मूत्रपिंडांना बसतो. थंडी वाजून ताप येतो, पोटॅशियम घसरते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) चढते. म्युकरचे बहुतेक रुग्ण मधुमेही होते. त्यांच्यापैकी ज्यांची मूत्रपिंडे आधीच नाजूक होती, त्यांचे औषध मध्येच थांबवावे लागे आणि तेवढ्यात बुरशीला डोळ्याकडे, मेंदूकडे पसरायला वाव मिळे.

लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड (पेशीपटलात असणारा एक स्निग्ध पदार्थ) आणि कोलेस्टेरॉल यांची, १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान अशी पोकळ गोळी. औषध तिच्या भिंतीतच बसवलेले असते. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की, कोलेस्टेरॉलविषयीच्या ज्या ओढीमुळे मूत्रपिंडांना इजा होते, तीच ओढ येथे औषधाला भिंतीत धरून ठेवण्याच्या कामी लावली आहे. रक्तातून फिरताना औषध फारसे सुटत नाही. बुरशीशी गाठ पडली की अर्गोस्टेरॉलची ओढ अधिक असल्याने ते तिकडे जाते. म्हणूनच साध्या इंजेक्शनाचा डोस किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम, तर याचा ५ मिलिग्रॅम किंवा अधिकही देता येतो. ६० किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. तेव्हाची टंचाई यावरून लक्षात येईल.

कुपीतल्या पिवळ्या पावडरीत १२ मिली निर्जंतुक पाणी घालून ती अर्धा मिनिट जोराने हलवतात, मग फिल्टरमधून काढून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. मिठाच्या सलाईनमध्ये मिसळल्यास औषधाचा साका होतो. त्याहून गंभीर म्हणजे, नाव सारखे म्हणून साधे औषध लायपोसोमलच्या डोसने दिले गेले तर ते प्राणावर बेतू शकते.

केवळ किंमत वाढवण्यासाठी औषधाचे नवे रूप आणले जाते, ही शंका काही औषधांच्या बाबतीत रास्त आहे, येथे नाही. डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे काळाआजाराच्या (हे औषध ज्यावर चालते अशा एका परजीवीजन्य तापाच्या) रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला साधे औषध दिवसाआड १५ वेळा शिरेतून दिले, दुसऱ्याला लायपोसोमलचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस. दोन्ही गटांत सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे झाले. मजुरी बुडवून महिनाभर रुग्णालयात राहणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आपल्या रुग्णाला साधेच इंजेक्शन द्यायचे ठरले असेल, तर मूत्रपिंडे जपण्यासाठी औषधाआधी वेगळे सलाईन देणार का आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम किती दिवसांनी तपासणार, हे डॉक्टरांना जरूर विचारा.