थ्री कार्ड पोकर, पेअर प्लस आणि हरवलेला टीडीएस

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांब लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मार्चमध्ये पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर थ्री कार्ड पोकर (कॅसिनोविरुद्ध तीन पत्त्यांचा खेळ) खेळलात, तीन पत्ती येतेच म्हणून बिनधास्त बसलात, बरेच पैसे गेले. मध्येच पेअर प्लसवर (जोडी किंवा वरचा हात आला की पैसे देणारी बाजूची पैज) मोठा हात लागला, त्यातून टीडीएस (देण्याआधीच कापलेला प्राप्तिकर) कापला, आणि आता जून संपत आला तरी तो 26 एएसमध्ये (आपल्या नावावर जमा कराचा खात्याकडचा उतारा) दिसत नाही. तुम्ही विचारलंय, खेळताना कुठे चुकलं? ते सांगतोच, पण मला त्या शेवटच्या वाक्याची जास्त काळजी वाटते.

आधी खेळ. अँटी (पत्ते मिळण्याआधीची पैज), प्ले (पत्ते बघून लावायची दुसरी पैज) वगैरे तुम्हाला माहीत आहे, ते उगाळत नाही. तीन पत्तीवाल्याला नडतात त्या गोष्टी वेगळ्याच. इथे समोरचा डीलर माणूस असला तरी तो काहीच ठरवत नाही. त्याला घाबरवून पॅक करायला लावता येत नाही, त्यामुळे चेहरा दगडासारखा ठेवून काही मिळत नाही. निर्णय एकच, तोही तुमचा: अँटीएवढेच पैसे पुन्हा लावायचे की पत्ते टाकायचे. आणि त्याचं उत्तर गणिताने कधीच काढून ठेवलंय: राणी-6-4 किंवा त्याहून वरचा हात असेल तर खेळा, नसेल तर टाका. पत्ते मोठ्यापासून लहानापर्यंत लावून डावीकडून एकेक करून ताडायचे. राणी-7-2 खेळायचा, कारण 7 हा 6 च्या वर. राणी-6-3 टाकायचा. राणी-5-4 सुद्धा टाकायचा. राजा किंवा एक्का असेल तर विचारही करू नका, खेळा.

असं खेळलात की अँटीवर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा साधारण 3.37 टक्के राहतो (सरळ क्रमाला 1, तिर्रीला (तीन सारखे पत्ते) 4, स्ट्रेट फ्लशला (एकाच जातीचे तीन सलग पत्ते) 5 असा अँटी बोनस असेल तर). पत्ते न बघता प्रत्येक हात खेळलात तर तो साडेसात टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडे ब्लाइंड खेळणाऱ्याला निम्म्यात चाल मिळते, म्हणून ती हौस परवडते. इथे ब्लाइंडला कसलीच सूट नाही. तुम्ही लिहिलंय, ‘मित्र म्हणाला ब्लाइंड जाऊ’. त्या मित्राला पुढच्या वेळी बुफेकडे पाठवा.

दुसरं, डीलरकडे निदान राणी किंवा तिच्या वरचा पत्ता, नाहीतर जोडीसारखा वरचा हात नसेल तर तो पात्र ठरत नाही. हे जवळपास 30 टक्के वेळा होतं. तेव्हा अँटीवर एकास एक मिळतं आणि प्लेचे पैसे नुसते परत येतात. हातात एक्क्यांची जोडी असताना असं झालं की चडफड होते, पण नियमच तसा आहे, डीलरवर ओरडू नका. बाजूच्या टेबलांवर हा उंबरठा वेगळा असतो: कॅसिनो होल्डेममध्ये चौक्यांची जोडी लागते, कॅरिबियन स्टडमध्ये एक्का-राजा. म्हणून राणी-6-4 चा नियम तिकडे नेऊ नका.

हातांची उतरंडही जरा वेगळी. आपल्या तीन पत्तीत तिर्री सगळ्यात वर. थ्री कार्ड पोकरमध्ये स्ट्रेट फ्लश तिच्या वर, कारण 22,100 पैकी तिर्री 52 प्रकारे येते आणि स्ट्रेट फ्लश 48 प्रकारे. एक्का-2-3 हा क्रम आपण दुसऱ्या नंबरचा मानतो, तिकडे तो सगळ्यात खालचा क्रम. तीन पत्तीच्याच नावाने घराविरुद्ध चालणारी टेबलंही असतात. तिथे कोणती उतरंड धरतात ते बसण्याआधी विचारा.

आता पेअर प्लस. ही बाजूची पैज डीलरच्या पत्त्यांशी संबंध न ठेवता तुमच्याच तीन पत्त्यांवर पैसे देते, म्हणून गोड लागते. पण टेबलावर छापलेले दर वाचल्याशिवाय त्यात एक चिपही टाकू नका. फ्लशला (तिन्ही पत्ते एकाच जातीचे) 4 पट देत असतील (बाकी दर: जोडी 1, क्रम 6, तिर्री 30, स्ट्रेट फ्लश 40) तर घराचा फायदा 2.32 टक्के. तोच फ्लश 3 पट केला की फायदा थेट 7.28 टक्के. रंग तोच, रुबाब तोच, नुसता एक आकडा बदललेला. माझं मत विचाराल तर 3 पट दिसलं की पेअर प्लस बंद. कुणाला पटणार नाही, चालेल.

आणि हो, चिप्स विकत घ्यायला भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे: 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. हा बोजा कॅसिनो स्वतः उचलतो की तुमच्या चिप्स कमी करतो, हे पैसे देण्याआधी खिडकीवर विचारा. तुमच्याकडून वसूल होणार असेल तर वरचं 3.37 चं गणित गुंडाळून ठेवा.

आता माझी कथा. बदाम 8-9-10 आले, पेअर प्लसवर हजार होते, 40 पट म्हणजे 40,000. कार्ड गेम्समधली 10,000 वरची जिंकलेली रक्कम, म्हणून 30 टक्के कापले: 12,000. त्याबद्दल तक्रार नाही, कायदा आहे. काउंटरवरच्या मुलाने माझा पॅन एका चिठ्ठीवर हाताने लिहून घेतला. शेवटचं अक्षर यू. त्याच्या अक्षरात खालची गोलाई टोकदार झाली आणि पुढे कुणीतरी संगणकात व्ही भरला. पैसे सरकारजमा झाले, पण माझ्या नावावर नाहीत. हे मला कळलं ते प्राप्तिकर खात्याची व्याजासकट मागणी आली तेव्हा.

मग कॅसिनोचं हिशेब खातं. पहिला फोन: ‘कॅश काउंटरला विचारा.’ काउंटर म्हणे, ‘अकाउंट्स बघतं.’ अकाउंट्स म्हणे, ‘आमचे सीए बाहेरचे, त्यांना मेल करा.’ सीएंनी उत्तर दिलं की क्लायंटने सांगितल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. पुन्हा अकाउंट्स: ‘प्रोसेसमध्ये आहे सर.’ हे ‘प्रोसेसमध्ये’ ऐकलं की आजही डोकं तापतं. खेळताना दोन सेकंदांत चिप्स ओढणारे हेच लोक! एक अक्षर बदलायचं होतं, ते फक्त कर कापणाराच बदलू शकतो, त्याचं दुरुस्ती विवरण भरून. आपण पोर्टलवर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. शेवटी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर रजिस्टर्ड एडीने पत्र गेलं, त्यात टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), तारीख, रक्कम आणि पॅनची प्रत, तेव्हा हललं. नंतर मला खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज वेगळा करावा लागला.

तुमच्यासाठी म्हणून हे: जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं 26क्यू विवरण (कर कापणाऱ्याने कापलेल्या कराचा हिशेब) 31 मेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे आता जूनअखेरीस नोंद दिसायला हवी होती. काउंटरची चिठ्ठी जपली असेल तर तिच्यावरचा पॅन अक्षर न् अक्षर ताडा. फोन करत बसू नका, लेखी 16ए (कर कापल्याचा दाखला) मागा. पत्र जहाजाच्या झगमगीत नावाने लिहू नका, खाली बारीक अक्षरात छापलेल्या कंपनीच्या नावाने लिहा. कर खरोखर कापला गेला असेल तर तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, हे जुन्या प्राप्तिकर कायद्यात कलम 205 मध्ये होतं. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून सीएकडून खात्री करा. मी सीए नाही, नुसता पोळलेला माणूस आहे.

त्या रात्री नंतर हरलेले पैसे जिंकलेल्या रकमेतून वजा होत नाहीत, तेही ध्यानात ठेवा. सेस (करावरचा उपकर) धरून हिशेब 31.2 टक्क्यांवर जातो, म्हणजे कापलेल्या 30 वर थोडं भरावंच लागेल. आणि घाईत आयटीआर-1 (प्राप्तिकर विवरणाचा सोपा नमुना) भरू नका, या उत्पन्नाला तो चालत नाही. धंद्याचं उत्पन्न नसेल तर आयटीआर-2. 26 एएस दुरुस्त होईपर्यंत थांबता आलं तर थांबा, पण शेवटची तारीख चुकवून नाही.