साइड व्हील लावली म्हणजे गाडी पडायची नाही?

प्रश्न : दादाच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालाय. आता गिअरलेस स्कूटर घेतलीय, गावातला वेल्डर म्हणतो साइड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाकं, मीच बसवून देतो. आमची घाटी उतरून धोपाव्याला फेरीबोट पकडायची नि पलीकडे दाभोळ, हे त्याचं रोजचं. आई म्हणते चाकं वाढली, आता भीती नाही. खरंय का?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, उभ्या गाडीपुरतं आईंचं बरोबर आहे, पण चालती गाडी वेगळी. साधी स्कूटर वळणावर आपण आत झुकवतो, साइड व्हीलवाली झुकतच नाही, त्यामुळे माणूस बाहेर ढकलला जातो नि आतलं चाक उचलायला बघतं. त्यात पुढे एकच चाक म्हणजे टेकायची जागा तिकोनी, उतारावर भर वळणात ब्रेक दाबला की सगळं वजन त्या निमुळत्या टोकाकडे जातं आणि गाडी नेमकी तिथेच कलंडते. ब्रिटनमध्ये सरकार अपंगांना एका सीटच्या निळ्या तीनचाकी गाड्या द्यायचं, त्यांनाही पुढे एकच चाक, आणि वाऱ्यात हेलकावतात, उलटतात अशा तक्रारी कायम असायच्या, शेवटी 2003 मध्ये त्या रस्त्यावरून काढल्या. म्हणून दादाला सांगा, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि पेट्रोल वाचवायला घाटीत इंजिन बंद करून गाडी सोडायची जी खोड आहे ना आपल्याकडे, ती तर नकोच, ब्रेकही सतत दाबून धरायचा नाही, तापला की धरत नाही.

दुसरं, इंजिनचा जोर आणि मागचा ब्रेक दोन्ही मधल्या चाकात असतात, बाजूची नुसती फिरतात. चाकोरी पडलेल्या रस्त्यावर बाजूची दोन्ही उंचवट्यावर बसली की मधलं लोंबकळतं, मग गाडी पुढेही जात नाही आणि मागचा ब्रेकही लागत नाही. जेटीवर तेच, बोटीचा लोखंडी रॅम्प जिथे टेकतो तिथे गाडी तिरकी घातली की एक साइड व्हील आधी चढतं आणि मधलं उचललं जातं, खाली शेवाळं असलं तर विचारूच नका. सरळ रेषेत, हळू चढवायची, आणि बोटीत ब्रेक लॉक करायचा कारण चाकं कितीही असली तरी गाडी गडगडतेच.

वेल्डरचं मात्र मला पटत नाही. खाऱ्या हवेत वेल्डिंगचा जोड आतून गंजतो, वरून रंग छान दिसतो नि एक दिवस ब्रॅकेट सुटतं. त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेलं किट घ्या, कागद मागून घ्या, नट दर महिन्याला आवळा. गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते, आरसीवर नोंद लागते, 2019 च्या दुरुस्तीपासून अशा गाडीला कायद्यात ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणतात आणि लायसनही त्याच प्रकारचं हवं. नोंद नसली की अपघातानंतर विमा कंपनीला फाटे फोडायला आयतं निमित्त. आणि हेल्मेट, चाकं वाढली म्हणून ते सुटत नाही.

प्रश्न : माझा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. ऑटोमॅटिक कार डाव्या पायाने चालवू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : भाऊ, आहे त्याच पेडलवर डावा पाय तिरका घालून चालवू नका, घाईत ब्रेकऐवजी एक्सलरेटर दाबला जातो. ब्रेकच्या डावीकडे जादा एक्सलरेटर बसवून मिळतो, नाहीतर दोन्ही कामं हाताने करायचा लिव्हर. आरटीओची नोंद इथेही लागणारच. डावीकडचा बसवलात तर घरातलं दुसरं कुणी गाडी घेतं तेव्हा तो काढता किंवा दुमडता यायला हवा, नाहीतर त्यांचा डावा पाय सवयीने तिथेच जाऊन टेकेल, हे गॅरेजवाल्याला पैसे द्यायच्या आधी विचारा.